पाकिटातली मते

‘पडली त्यापेक्षा पाच लाख मते जास्त मोजली.’ २३ नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेचा निकाल लागला आणि आठवडाही उलटला नसेल, तोवर हे वाक्य राज्यभर मोबाइलवर फिरू लागले होते. मुरबाड तालुक्यातल्या धसईच्या बाजारपेठेत ते पोचले नसेल तर नवलच. हरलेल्यांना ते पटले, जिंकलेल्यांना ते रडगाणे वाटले. आकडे कुठून आले हे विचारायची गरज दोघांनाही वाटली नाही.

आकडे बनावट नव्हते, ही यातली पहिली गंमत. ‘द वायर’ या संकेतस्थळाने निवडणूक आयोगाचेच दोन आकडे शेजारी ठेवले होते. झालेले मतदान ६,४०,८८,१९५ आणि मोजलेली मते ६,४५,९२,५०८. फरक ५,०४,३१३. वजाबाकी अगदी बरोबर होती. चूक होती ती वजाबाकीला बसवलेल्या पहिल्या आकड्यात. तो फक्त मतदान यंत्रांवर पडलेल्या मतांचा होता. दुसऱ्या आकड्यात टपाली मते मिसळलेली होती. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकारी कार्यालयाने खुलासा केला: टपाली मते ५,३८,२२५, यंत्रांवरची धरून एकूण ६,४६,२६,४२०.

आता चौकस वाचक म्हणेल की टपाली मते ५,३८,२२५ आणि तफावत ५,०४,३१३, मग मधली ३३,९१२ कुठे गेली? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर बीड जिल्ह्यातल्या आष्टी मतदारसंघात सापडते. तिथे ४,५३८ मते जादा मोजल्याचा दावा होता. खुलाशात आष्टीची टपाली मते ५,०१३ निघाली. फरक ४७५. ही बाद ठरलेली टपाली मते. उस्मानाबादला दावा ४,१५५चा, टपाली मते ४,३३०, म्हणजे बाद १७५. शिवाय थोड्या मतदारसंघांत चित्र उलटे होते, मोजलेली मते पडलेल्यांपेक्षा कमी. केंद्राध्यक्षाकडून सकाळची चाचणी-मते पुसायची राहिली किंवा यंत्राचा आकडा कागदाशी जुळला नाही, तर ते यंत्र मोजणीत बाजूला ठेवतात, आणि विजयाचे अंतर त्यातल्या मतांपेक्षा मोठे असेल तर ते मोजतच नाहीत. बाद पाकिटे आणि बाजूला ठेवलेली यंत्रे धरली की हिशेब जुळतो.

मग आयोगाने मतदानाच्या रात्रीच टपाली मते धरून आकडा का दिला नाही? कारण त्या रात्री तो कुणाकडेच नसतो. टपाली मतपत्रिका मोजणीच्या दिवशी सकाळी मोजणी सुरू होईपर्यंत, साधारण आठपर्यंत, स्वीकारल्या जातात. आठ वाजून एक मिनिटाने आलेले पाकीट न उघडता गठ्ठ्यात बांधून ठेवतात. मतदान २० नोव्हेंबरला आणि मोजणी २३ला असेल, तर मधले दिवस पाकिटे येतच असतात. एवढी साधी बाब आयोगाने टक्केवारी जाहीर करतानाच ठळकपणे सांगितली असती, तर अर्धा गदारोळ टळला असता. खुलासा आला, पण अफवेनंतर. खुलाशाची चाल नेहमीच अफवेपेक्षा मंद असते, हे आयोगाला एव्हाना ठाऊक व्हायला हवे होते.

धसईला मोठ्या दाव्यांचा अनुभव आहे. नोटबंदीनंतर १ डिसेंबर २०१६ रोजी तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या उपस्थितीत हे गाव राज्यातले पहिले ‘कॅशलेस गाव’ म्हणून जाहीर झाले. दुकानादुकानांत कार्डाची यंत्रे आली, वर्तमानपत्रांचे लोक आले. पुढे बातमीदार पुन्हा फिरकले तेव्हा गल्ल्यात नोटा होत्याच. ‘कॅशलेस’ जाहीर झाले ते कार्डाची यंत्रे मोजून. नोटा कुणी मोजल्या नव्हत्या.

टपाली मत या भागात कुणाला मिळते? सरसकट कुणालाही नाही. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत कुणीही कारण न देता घरबसल्या मतपत्रिका मागवू शकतो. आपल्याकडे नियमांनी ठरवून दिलेल्या गटांनाच ती मुभा आहे. पहिला गट सैन्यात आणि केंद्रीय सशस्त्र दलांत असलेल्यांचा, म्हणजे सेवा मतदारांचा. त्यांची यादीच वेगळी असते. २०१६पासून त्यांची मतपत्रिका संगणकावरून जाते. जवान ती छापून घेतो, खूण करतो आणि परतीचे पाकीट स्पीड पोस्टाने पाठवतो. पाकिटावरचा क्यूआर कोड मोजणीच्या टेबलावर वाचला जातो, त्यामुळे एकाच मतपत्रिकेच्या दोन छापील प्रती पाठवल्या तर दुसरी पकडली जाते.

दुसरा गट निवडणुकीच्या कामावरच्या माणसांचा: जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस. पूर्वी ही मंडळी मतपत्रिका घरी नेऊन सवडीने पाठवत. त्यात दबाव, आमिष आणि ‘दाखव बघू कुणाला दिलंस’ याला वाव होता. २०२३मध्ये नियम बदलला. आता कामावरच्या कर्मचाऱ्याने सुविधा केंद्रावरच मत द्यायचे, पत्रिका घरी न्यायची नाही. ड्युटी स्वतःच्याच मतदारसंघात असेल तर त्याला निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र मिळते आणि तो थेट यंत्रावर मत देतो.

तिसरा गट घरून मत देणाऱ्यांचा. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेले आणि ८५ वर्षे पार केलेले मतदार. आधी ही अट ८० वर्षांची होती, मार्च २०२४मध्ये ती ८५ झाली. अशा आजीबाई एखाद्या पाड्यावर राहत असतील, तर मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) नमुना १२-ड भरून घेतो. मग ठरल्या दिवशी मतदान अधिकारी, पोलीस आणि चित्रीकरण करणारा असे पथक दारात येते. उमेदवारांना वेळापत्रक आधी कळवलेले असते, त्यांचा माणूस सोबत येऊ शकतो. आजी घरी नसल्या तर पथक आणखी एकदा येते. तेव्हाही भेटल्या नाहीत तर मत गेले, कारण यादीत त्यांच्या नावापुढे टपाली मतदार अशी खूण झालेली असते आणि केंद्रावर त्यांना मत देता येत नाही. एकाच माणसाने घरीही आणि केंद्रावरही मत दिल्याची शंका या खुणेपाशी अडते. कुणी तसा आरोप केला तर त्याच्याकडे खूण केलेली यादी मागावी.

मतपत्रिका दोन पाकिटांत जाते. आतल्या पाकिटात खूण केलेली पत्रिका. बाहेरच्या पाकिटात ते आतले पाकीट आणि सोबत नमुना १३-अ हे घोषणापत्र, ज्यावर मतदाराची सही आणि ती प्रमाणित करणाऱ्या अधिकाऱ्याची सही. मोजणीच्या टेबलावर आधी घोषणापत्र बघतात. ते नसेल, सही नसेल, प्रमाणन नसेल किंवा त्यावरचा पत्रिकेचा क्रमांक आतल्या पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर आतले पाकीट उघडतच नाहीत. मत कुणाला होते हे कुणालाच कळत नाही, ते फक्त बाद होते. उघडल्यावरही दोन उमेदवारांपुढे खुणा असतील, खूणच नसेल किंवा मतदार ओळखता येईल असे काही लिहिलेले असेल, तरी बाद.

टपाली मतांचे खरे दुखणे इथे आहे, असे माझे मत. जादा मते घुसल्याची हाकाटी होते, पण न्यायालयापर्यंत गेलेली मोठी प्रकरणे बघितली तर ती बहुतेक बाहेर फेकलेल्या मतांची आहेत. आष्टीतली ती ४७५ बाद मते आठवा. त्याच निवडणुकीत ठाणे जिल्ह्यातल्या बेलापूरचा निकाल ३७७ मतांनी लागला, साकोलीचा २०८ मतांनी आणि मालेगाव मध्यचा १६२ मतांनी. आष्टीएवढी पाकिटे या तीनपैकी कुठेही बाद झाली असती तर तो आकडा विजयाच्या अंतरापेक्षा मोठा ठरला असता. शहापूरला दौलत दरोडा १,६७२ मतांनी निवडून आले. राज्यातली टपाली मते २८८ मतदारसंघांत सारखी वाटली तर दर मतदारसंघाला सुमारे १,८६९ येतात. म्हणजे शहापूरचे अंतर सरासरी गठ्ठ्याहून लहान. अर्थात सगळा गठ्ठा एकाच उमेदवाराचा कधीच नसतो, त्यामुळे यावरून निकालावर शंका घेणे अतिरेकाचे होईल. मुरबाडला किसन कथोरे पन्नास हजारांहून अधिक मतांनी जिंकले. तिथे टपाली मतांवरून वाद घालणे म्हणजे वेळ घालवणे. दावा कानावर आला की आधी अंतर विचारावे, निम्म्या दाव्यांचा निकाल तिथेच लागतो.

गुजरातमधल्या धोळक्यात अंतरच प्रश्नाच्या मुळाशी होते. २०१७ साली भूपेंद्रसिंह चुडासमा तिथून ३२७ मतांनी जिंकले आणि मंत्री झाले. मोजणीत ४२९ टपाली मते बाद केली होती. हरलेल्या उमेदवाराने निवडणूक याचिका केली. गुजरात उच्च न्यायालयाने १२ मे २०२० रोजी ती मते बेकायदा बाद केल्याचे म्हणत निवडणूकच रद्द ठरवली. तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

केरळातले पेरिंथलमन्नाचे प्रकरण तर कादंबरीत शोभावे असे. २०२१मध्ये तिथे ३८ मतांनी निकाल लागला आणि ३४८ टपाली मते मोजलीच गेली नव्हती, कारण घोषणापत्रांवर मतदान अधिकाऱ्यांच्या सह्या नव्हत्या. म्हाताऱ्या माणसांनी घरात बसून दिलेली मते, आणि चूक सरकारी माणसांची. वाद न्यायालयात गेला. २०२३च्या जानेवारीत ती मते ठेवलेली पेटी कोषागारात सापडेना. शोधाशोध झाल्यावर ती मलप्पुरमच्या सहकार निबंधक कार्यालयात मिळाली. २०२४ साली याचिका फेटाळली गेली.

याचा अर्थ टपाली मतात लबाडी होत नाही असा नव्हे. केरळातच २०१९मध्ये पोलिसांच्या टपाली मतपत्रिका पोलीस संघटनेच्या लोकांनी गोळा केल्याचे प्रकरण निघाले आणि चौकशी लागली. २०२४मध्ये कन्नूर जिल्ह्यात ९२ वर्षांच्या वृद्धेच्या घरी मतदान चालू असताना पक्षाच्या स्थानिक कार्यकर्त्याने हस्तक्षेप केला. तो चित्रीकरणात दिसला आणि पथकातले अधिकारी निलंबित झाले. पाड्यावरच्या आजींसोबत कॅमेरा का येतो, त्याचे उत्तर हे. मतपत्रिका मतदान केंद्राबाहेर गेली की तिच्यावर घरच्यांची, साहेबांची, पुढाऱ्याची नजर पडते. गुप्तता सांभाळणारा तो पुठ्ठ्याचा आडोसा घरात नसतो.

बाहेरच्या जगातही हीच कथा. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमच्या २००४च्या स्थानिक निवडणुकीत टपाली मतांची लबाडी एवढी झाली होती की पुढच्या वर्षी न्यायाधीश रिचर्ड मॉरी यांनी निकाल रद्द केले. फ्रान्सने १९७५मध्ये टपाली मतदान जवळपास बंदच केले. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या नवव्या मतदारसंघात २०१८मध्ये एका पक्षाच्या माणसांनी घरोघर जाऊन मतपत्रिका गोळा केल्याचे उघड झाले आणि फेरनिवडणूक घ्यावी लागली. पण २०२०मध्ये, कोरोनामुळे तिथले जवळपास ४३ टक्के मतदान टपालाने झाल्यावर, डोनाल्ड ट्रम्प यांच्या बाजूने ‘देशभर टपाली घोटाळा’ असा दावा करत साठाहून अधिक खटले दाखल झाले आणि निकाल बदलेल असे काही सिद्ध झाले नाही. पकडली गेलेली प्रकरणे एका गावाची, एका टोळीची, नावानिशी आहेत. न पकडलेले मात्र नेहमी देशव्यापी असते.

आपल्याकडे याच जातीचा सर्वांत गाजलेला वाद वायव्य मुंबईचा. ४ जून २०२४. यंत्रांवरच्या मतांत अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४. एका मताचा फरक. टपाली मते वायकरांना १,५५०, कीर्तिकरांना १,५०१. वायकर ४८ मतांनी खासदार. म्हणजे साडेचार-साडेचार लाख माणसे रांगेत उभी राहिली आणि निकाल ठरला तो पाकिटांवर. बाद टपाली मते १११ होती. नियम असा की अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती सगळी पुन्हा तपासायची. तशी ती तपासली गेली.

पण लोकांना आठवते ते हे नाही. लोकांना आठवतो तो मोबाइल. वायकरांच्या नातेवाइकाने मोजणी केंद्रात फोन वापरला, त्यावर ओटीपी येऊन मतदान यंत्र ‘अनलॉक’ झाले, अशी बातमी ‘मिड-डे’ने छापली. निवडणूक निर्णय अधिकारी वंदना सूर्यवंशी यांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितले की यंत्राला ना जोडणी असते ना ओटीपी. ओटीपीचा संबंध आकडे भरायच्या संगणक प्रणालीच्या लॉगिनशी होता. वर्तमानपत्राने माफी मागितली. मोजणी केंद्रात भलत्या माणसाच्या हातात फोन असणे ही चूक खरीच होती आणि त्याबद्दल वनराई पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. मात्र खऱ्या चुकीवर खोटी गोष्ट चढवली की खरी चूकही हसण्यावारी जाते. कीर्तिकरांची निवडणूक याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये फेटाळली.

आणखी एक युक्तिवाद विधानसभेनंतर महाविकास आघाडीच्या बाजूने मांडला गेला, आणि तो वरवर भारी वाटतो. टपालात आम्ही पुढे, यंत्रात मागे, म्हणजे यंत्रात गडबड. इथे टपाली मतदार कोण हे पुन्हा बघावे लागते: सरकारी कर्मचारी, जवान, ८५च्या पुढचे वृद्ध. मार्च २०२३मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले कर्मचारी संपावर गेले होते, तो राग ताजा होता. उलट निवडणुकीच्या तोंडावर आलेली लाडकी बहीण योजना २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या बायकांसाठी. घरात कायम सरकारी नोकरदार असेल तर अपात्र. म्हणजे दीड हजार रुपये ज्यांच्या खात्यात आले त्या बहुतेक सगळ्या यंत्राच्या रांगेत, आणि पाकीट भरणारे जवळजवळ सगळे योजनेच्या बाहेर. दोन्हींचा कौल सारखा आला असता तर उलट आश्चर्य वाटले असते. यंत्रांवर आक्षेप घ्यायला इतर मुद्दे असतील, हा मुद्दा टिकत नाही.

आकडे घरबसल्या तपासायचे असतील तर दोन कागद पुरतात. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नमुना १७-क भरतो, त्यात त्या केंद्राच्या यंत्रावर किती मते पडली ते असते, आणि हजर असलेल्या प्रतिनिधींना त्याची प्रत मिळते. निकालानंतर नमुना २० निघतो, त्यात केंद्रवार मते आणि शेवटी टपाली मतांची वेगळी ओळ. धसईच्या केंद्रांचा १७-क नमुना २०मधल्या त्या केंद्रांच्या ओळींशी ताडून बघता येतो. नमुना २० मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. फक्त आपल्या मतदारसंघाचा काढावा, कारण शहापूर तालुक्यातही एक धसई आहे. मोजणीच्या क्रमावरूनही पूर्वी कुरबुर असे, की यंत्रांच्या फेऱ्या संपत आल्या तरी पाकिटे उघडायची राहतात. सप्टेंबर २०२५मध्ये आयोगाने सूचना काढली की टपाली मोजणी पूर्ण झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही.

या सगळ्या वादात एका माणसाचे नाव कधी येत नाही, तो म्हणजे टपाली मत मिळतच नाही असा स्थलांतरित मजूर. परदेशातल्या मराठी कुटुंबांनाही ते मिळत नाही. भारतीय नागरिकत्व असलेल्याला २०११पासून यादीत नाव घालता येते, पण मत द्यायला गावी यावे लागते. त्यांना निदान विमानाचे तिकीट परवडते. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवरची कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. लोकसभेचे इथले मतदान २० मे २०२४ला झाले, विधानसभेचे २० नोव्हेंबर २०२४ला. दोन्ही तारखा भट्टीच्या हंगामातल्या. स्थलांतरितांसाठी आयोगाने डिसेंबर २०२२मध्ये ‘रिमोट’ मतदान यंत्राची कल्पना मांडली होती. एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान होईल असा आराखडा होता. जानेवारी २०२३मध्ये पक्षांना बोलावले, विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले आणि २०२४च्या निवडणुका त्याविनाच झाल्या.

लोकप्रतिनिधित्व कायद्याने भट्टीवरच्या मजुराला मतदानाची भरपगारी सुट्टी आहे, कलम १३५-ब. मजुरी मात्र हजार विटांमागे मिळते आणि तीही हंगामाआधी घेतलेल्या उचलीतून वळती होते, तेव्हा त्या दिवसाचा पगार कशावर धरायचा हे कायदा सांगत नाही. गावी पोचायची सोय म्हणावी, तर उमेदवाराने मतदारांना आणायला गाडी पाठवली की त्याच कायद्याच्या कलम १२३(५)खाली ते भ्रष्ट आचरण.